तिच्या माशांची टाकी तिसऱ्या मजल्यावर

बायको गेली त्याला तीन महिने झाले तेव्हा मुलाचा फोन आला. म्हणाला, "आबा, आता बास झालं. गावात एकटे राहू नका. तळेगावला आमच्याकडं चला."

मी म्हणालो, "टाकी येणार असंल तर येतो."

"कसली टाकी? पाण्याची?"

"माशांची."

मग म्हणाला, "आबा, तिसरा मजला आहे."

तिसरा मजला आहे हे मला ठाऊक होतं. तो फ्लॅट घेतला तेव्हा लिफ्ट चालू झाली नव्हती म्हणून आम्ही नवरा-बायको जिना चढून गेलो होतो, आणि दुसऱ्या मजल्यावर तिनं गुडघे धरून मला शिव्या घातल्या होत्या. जसा काही तो जिना मीच बांधला होता. पण मला दुसरंही एक ठाऊक होतं. टाकी तिथं नेता आली नाही तर ती कुणाला तरी द्यावी लागणार, आणि मग मी तळेगावला रिकाम्या हातानं जाणार. तसा मी जाणार नव्हतो. गावातच, बेडशाला पडून राहिलो असतो. काही दिवसांपूर्वी पाण्याची मोटार चालू करायला गेलो आणि चक्कर येऊन चिखलात बसलो, ते मुलाला कुणीतरी कळवलं होतं. म्हणून त्याची घाई.

मी सेंट्रिंगचं काम करायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅब टाकायच्या आधी खालून टेकू उभे करायचे, त्यावर पत्रे अंथरायचे, वर काँक्रीटचा माल ओतला की तो पक्का होईपर्यंत टेकू सांभाळायचे आणि मग एकेक करून काढायचे. लोणावळ्यातल्या कितीतरी बंगल्यांच्या छपराखाली मी असा उभा राहिलोय. लोक स्लॅबच्या वर राहतात. माझं आयुष्य खालून वर बघण्यात गेलं. शाळा चौथीपर्यंत. पुढं जे काय शिकलो ते मान वर करून.

बायको त्याच लोणावळ्यात एका बंगल्यात धुण्याभांड्याला होती. टाकी तिथली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मालक बंगला विकून चालले होते. तिला म्हणाले, मावशी, ही भंगारवाल्याला देऊन टाका. हिनं दिली नाही. टेम्पो करून घरी आणली. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून, दोन पायांच्या मधे माशांची बादली धरून कार्ल्यावरून, कामशेतवरून आली. अंगावरचं लुगडं निम्मं भिजलेलं.

मी दारात उभा होतो. म्हणालो, "मासं खायाचं असत्यात. बघायचं असलं तर नदीवर जायाचं."

ती म्हणाली, "तुमी तरी कुटं खायाच्या कामाचे हाय? तरी ठेवलंयच ना घरात."

टेम्पोवाला एवढा हसला की त्याच्या हातून दोरी सुटली.

गुडघ्यानं काम सुटलं तेव्हापासून टाकी हाच तिचा धंदा झाला. सात-आठ नारिंगी मासे, त्यातला एक म्हातारा, शेपटी फाटलेला. दर रविवारी ती नळीनं पाव हिस्सा पाणी काढायची, दाराशी शेवगा आहे त्याला घालायची, आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं ताजं पाणी टाकीत ओतायची. मी कधी हात लावला नाही. ज्या रविवारी ती गेली त्या सकाळी म्हणाली होती, "आज तेवढं पानी तुमी काडा. मला बरं वाटंना." मी म्हणालो, "उद्या बघू." दुपारी छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली, पण ती गाडीतच गेली, माझ्या मांडीवर. तो उद्या काही आला नाही.

आम्ही बौद्ध. आमच्यात माणूस गेल्यावर काही दिवसांनी जलदानाचा विधी असतो. ताटात वाटी ठेवतात, घरचे सगळे मिळून तांब्यानं तिच्यात हळूहळू पाणी ओततात, वाटी भरून वाहायला लागते, तोवर बौद्धाचार्य गाथा म्हणत राहतात. ओतताना माझा हात हलत होता म्हणून सुनेनं खालून तांब्याला हात लावला होता. मग ते पाणी झाडाला घालायचं असतं. बौद्धाचार्य मला म्हणाले, शेवग्याला घाला. मी ताट उचलून निघालो. वाटेत टाकी लागली. मी तिथं थांबलो आणि ते सगळं पाणी टाकीत ओतलं.

का ओतलं ते मला सांगता येत नाही. शेवग्याला घातलं असतं तर ते जमिनीत गेलं असतं. काचेत ओतलं तर दिसत राहणार होतं, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं असावं. त्यानंतर तीन महिने मी टाकीतलं पाणी थेंबभर काढलं नाही. आटेल तेवढं वरून घालायचो. कुणी पाहिलं नाही असं माझं मत होतं.

तर मुलाचा फोन झाल्यावर मी एकटाच बसनं तळेगावला गेलो, जागा बघायला.

मुलानं जागा आधीच ठरवून ठेवली होती. हॉल आणि आतली खोली यांच्यामधली भिंत. म्हणाला, "आबा, हितं ठेवू. सोफ्यावरून दिसेल, प्लग पण जवळ आहे."

मी विचारलं, "या भितीखाली काय हाय?"

"खाली दुसरा मजला."

"त्ये मलाबी कळतंय. बीम हाय का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. पोरगा कारखान्यात सुपरवायझर आहे, मशीनचं सगळं कळतं. पण वरून कुणालाच काही कळत नाही. वर फरशी असते, फरशी सगळीकडं सारखीच दिसते.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबा, बाल्कनीत ठेवली तर? हवा पण लागेल माशांना."

"बाल्कनीचं नाव काढू नको," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. तिला वाईट वाटलं असेल, पण बाल्कनी म्हणजे नुसता बाहेर काढलेला हात. त्याला पुढून कसला आधार नसतो. खोलीच्या स्लॅबमध्ये लोखंडी गज खालच्या अंगाला लागतात, बाल्कनीत वरच्या अंगाला. माल ओतताना बिगारी त्यांच्यावरूनच चालतात आणि गज तुडवून खाली बसवतात. बाहेरून काही कळत नाही. मी टेकू काढताना बाल्कनीचे टेकू नेहमी कडेकडून आत काढत आलो.

मग मी हिशोब मांडून दाखवला. तोंडीच. टाकी भरली की पाणी अडीचशे किलोच्या वर. काच, खडे, लोखंडी स्टँड धरून साडेतीनशे. म्हणजे सिमेंटच्या सात गोण्या, एका बैठकीएवढ्या जागेत.

मुलगा म्हणाला, "आबा, हळदीला या हॉलमध्ये तीस माणसं नाचली होती."

"माणसं नाचून घरी जात्यात रं. टाकी जाती का?"

मी खाली गेलो.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. मी बेल वाजवली. दार साखळीएवढंच उघडलं.

मी म्हणालो, "तुमच्या डोक्यावर सात गोण्या ठेवायच्यात. वर बघायला आलोय."

आता मला कळतंय की आधी नमस्कार करायला पाहिजे होता. बाईंनी दार लावून घेतलं. मुलगा मागून धावत आला, सगळं नीट समजावलं, तेव्हा साखळी निघाली. बाई म्हणाल्या, "अहो भाऊ, तुम्ही घाबरवलंत. मला वाटलं बांधकाम काढताय."

बरं झालं, त्यांनी छताला पीओपी केलेलं नव्हतं. मी मान वर केली आणि जे बघायचं ते एका नजरेत दिसलं. आमच्या हॉलमधली ती मधली भिंत, जिथं मुलाला टाकी ठेवायची होती, तिच्याखाली बीम नव्हता. भिंत नुसती स्लॅबवर बसवलेली. आणि बाईंच्या घरात त्याच जागी जी भिंत असायला पाहिजे ती कुणीतरी पाडून हॉल मोठा केला होता.

"ही भीत कुनी काडली?"

"आमच्या आधी जे राहायचे त्यांनी. का हो? काही धोका आहे का?"

"वर काय ठेवलं न्हाई तर न्हाई."

बीम होता बाहेरच्या अंगाला, आमच्या रस्त्याकडच्या खिडकीच्या खाली. चांगला रुंद, दोन्ही टोकांना कॉलममध्ये गेलेला. खोली त्या बाजूनं लांब, म्हणजे छताचे मुख्य गज आखूड अंगानं येऊन त्याच बीमवर टेकणार. टाकी त्या गजांना आडवी, भिंतीच्या पोटाशी लांबलचक ठेवली की भार सगळ्या गजांवर वाटला जाणार आणि लगेच बीमवर जाणार. हीच एक जागा. दुसरी नाही.

आणि बीमच्या बरोबर खाली बाईंचा पलंग.

त्यांनीही ते ओळखलं. म्हणाल्या, "म्हणजे मी झोपते त्याच्या वर?"

"व्हय."

"आणि पडली तर?"

मी म्हणालो, "बाई, पडायला बीम पडावा लागंल. आन बीम पडला तर टाकीची काळजी करायला आपुन कुनीच ऱ्हानार न्हाई."

मुलानं कपाळाला हात लावला. पण बाई हसल्या. म्हणाल्या, "नर्सला असं खरं सांगणारी माणसं आवडतात. चहा घेता का?" चहा पिताना त्यांनी विचारलं, एवढं मासे-बिसे कशासाठी. मी म्हणालो, बायकोचे आहेत. त्या उठल्या आणि पलंग कितपत सरकवता येईल ते बघू लागल्या.

वर आलो आणि खिडकीखाली बघितलं. तिथं सुनेचं शिलाई मशीन. ती ब्लाउज शिवते, सगळ्या बिल्डिंगचे. उजेड पाहिजे म्हणून मशीन खिडकीखाली, शेजारी कापडाची गाठोडी, खाली स्टूल. घरात तेवढाच एक कोपरा तिचा.

मी मुलाला म्हणालो, "टाकीला जागा न्हाई. मी जातो."

"आबा, तुम्हीच तर आत्ता म्हणालात खिडकीखाली..."

"तितं तिचं मशीन हाय."

सून ओले हात पुसत आली. म्हणाली, "मशीन किती गोण्यांचं आहे, आबा?"

"अर्धी बी न्हाई."

"मग ते बाल्कनीत ठेवलं तर चालेल, का तेही पडेल?"

मी म्हणालो, "चालंल."

"पावसासाठी पडदा लावू. उजेड तर तिथं जास्तच आहे." आणि तिनं लगेच गाठोडी उचलायला सुरुवात केली, मला मधे काही बोलायला जागाच ठेवली नाही. मघाशी मी तिच्यावर ओरडलो होतो बाल्कनीवरून. तीच बाल्कनी तिनं स्वतःकडं घेतली.

परत जाताना तळेगावात शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला विचारलं, टाकी हलवायची कशी. तो म्हणाला, मासे वेगळ्या डब्यात, टाकी पूर्ण कोरडी करून उचला, पाणी भरलेली कधी उचलू नका, तळाची काच वाकते आणि कोपऱ्यातलं चिकटवण सुटतं. जुनं पाणी थोडं सोबत न्या, माशांना सवयीचं असतं. मग त्यानं विचारलं, "पाणी शेवटचं कधी बदललं?"

"तीन म्हैन्यांपूर्वी."

"आजोबा! मासे जिवंत आहेत का?"

"वर तोंड काडून ऱ्हात्यात."

तो म्हणाला, "ते श्वास घ्यायला वर येतायत. स्वतःच्याच घाणीत बसलेत ते. असंच ठेवलंत तर टाकी पोचेल, मासे पोचणार नाहीत."

मी बसमध्ये बसलो आणि बेडशापर्यंत तेच कानात वाजत होतं. तिचे मासे जगवायचे तर तिचं पाणी टाकायचं. तिचं पाणी राखायचं तर मासे मरणार. हे मला कळत नव्हतं असं नाही. गेले महिनाभर मी म्हाताऱ्या माशाकडं बघत होतो, आणि त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होतो.

हलवायच्या दिवशी मुलगा टेम्पो आणि कारखान्यातली तीन माणसं घेऊन आला. सूनही आली. मी आधीच पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन गोळा करून ठेवले होते, अकरा.

मुलगा म्हणाला, "हे कशाला एवढे?"

"पानी न्यायचंय."

"आबा, तळेगावला नळ आहे घरात."

"दुकानदार बोललाय, माशांना जुनं पानी लागतं."

"थोडं म्हणाला असेल! अकरा कॅन?"

मी ऐकलं नाही. मासे बादल्यांत घेतले, नळी लावून पाणी कॅनमध्ये भरलं. तळाशी दोन बोटं पाणी आणि खडे राहिले. नळी ते ओढेना. विधीच्या वाटीतलं पाणी मी ओतलं तेव्हा ते खाली गेलं असणार असं माझ्या मनानं धरलं होतं. पाणी असं वेगळं राहत नाही, हे मला कळतंय. पण धरलं होतं. ते तांब्यानं उपसलं तर सांडणार, कपड्यानं टिपलं तर पिळून फेकणार. मी म्हणालो, "एवढं ऱ्हाऊ दे. उचला."

जन्मभर पोरांना सांगत आलो, भरलेलं उचलू नका. घमेलं असो, पिंप असो. आणि त्या दिवशी मीच उचला म्हणालो.

चौघांनी टाकी उचलली. उंबऱ्यापाशी आली, एक कोपरा खाली झुकला, ते दोन बोटं पाणी सगळं एका अंगाला धावलं आणि काचेतून आवाज आला. कट्ट. बारीक, जशी सुकी काडी मोडावी.

"ठेवा!" मी ओरडलो. "खाली ठेवा, हाय तितंच!"

ठेवली. कोपऱ्यातून पाणी पाझरून उंबऱ्यावर येत होतं. मुलगा म्हणाला, "आबा, पाणी काढून टाकू की. दोन बोटं पाण्यासाठी टाकी फुटली असती." आणि त्यानं टाकी तिरकी करायला हात घातला.

मी त्याचा हात धरला. तीन अनोळखी माणसं माझ्याकडं बघत होती आणि मी तो सोडत नव्हतो. म्हाताऱ्याला काय झालंय, असं त्यांना वाटलं असणार.

सून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. विधीतलाच, मी ओळखला. एक रिकामी कळशीही होती. ती टाकीपाशी गुडघ्यावर बसली आणि मुलाला म्हणाली, "तुम्ही सगळे जरा बाहेर चहा घ्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ओतून द्यायचं नाही ना आबा? मग भरून घेऊ."

तिनं पाहिलं होतं. तीन महिने तिला ठाऊक होतं आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

आम्ही दोघांनी ते पाणी तांब्यानं कळशीत काढलं. शेवटी शेवटी वाटीनं. खडे बाजूला करून, राहिलेलं कपड्यानं टिपून तेही कळशीत पिळलं. अर्धा तास गेला असेल. मधेच मी तिला म्हणालो, "मासं मरायला लागलेत याच्यामुळं."

ती म्हणाली, "माहितीये. आई असत्या तर तुम्हाला सोडलं नसतं."

"सोडलं नसतंच."

"आधी म्हणाल्या असत्या, एक झाड तुमाला ओळखू आलं न्हाई का?"

तिनं बायकोचा आवाज असा काढला की मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. तिनं मला तसंच बसू दिलं. तांब्या कळशीत वाजत राहिला.

निघताना मी कोयत्यानं शेवग्याची एक फांदी तोडली, मनगटाएवढी जाड, आणि टेम्पोत टाकली. शेवगा असा फांदीवर लागतो.

तळेगावला टाकी लिफ्टमध्ये मावली नाही. ती जिन्यानं नेली, पट्टे लावून, प्रत्येक वळणावर थांबून. मी पुढं उलट्या पायानं चढत होतो आणि शिव्या देत होतो. पाणी लिफ्टनं आलं, कळशी सुनेच्या कडेवर. दुकानदाराला बोलावून कोपरा नव्यानं चिकटवून घेतला. ते वाळायला दोन दिवस लागले. तोवर मासे बादलीत, निम्मं जुनं, निम्मं नवं पाणी. तसं करायला दुकानदारानं सांगितलं आणि मी ते मानलं. कॅनमधलं जुनं पाणी टाकीत पुन्हा घालायचं नाही, बादलीतलं घातलं तेवढं पुरे, असंही तो म्हणाला. मी कॅनची झाकणं घट्ट लावली.

स्टँड खिडकीखाली मांडला. त्याच्या चार पायांखाली भिंतीच्या लांबीची दोन इंच जाडीची फळी टाकली, म्हणजे पाय फरशीत टोचायला नकोत, भार पसरावा. पाण्याच्या नळीनं लेव्हल घेतली. डाव्या अंगाला पत्र्याची चकती घालावी लागली. वर थर्माकोल, मग टाकी. भिंतीपासून चार बोटं दूर, हात जायला.

मग मी खाली बाईंकडं गेलो. या वेळी आधी नमस्कार केला. त्यांच्या छताखाली दोन टोकांना खिळे मारून दोरा ताणला, छताच्या एवढा जवळ की मधोमध फटीत काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल. बाईंना म्हणालो, "आता वर पानी भरतो. एकदम न्हाई. आज पाव टाकी, उद्या अर्धी, मग पाऊण, मग पुरी. छत वाकलं तर फट बुजंल, म्हनून रोज सकाळी काडी घालून बघा. काडी जातीय तोवर काय बी झालेलं न्हाई."

"आणि नाही गेली तर?"

"तर मला हाक मारा. मी टाकी उपसतो. पुन्हा भरनार न्हाई."

हे मी मनापासून बोललो होतो. बीमवर माझा विश्वास होता. पण झोपणार त्या होत्या, मी नव्हे. त्यांनी काडेपेटी उशाशी ठेवली.

पहिल्या दिवशी पाव टाकी भरली. बादलीतले मासे सोडले. दुसऱ्या दिवशी अर्धी. बाईंचा निरोप आला, काडी गेली. तिसऱ्या दिवशी पाऊण. सुनेनं बाल्कनीतून विचारलं, "आबा, काडी?" मी म्हणालो, "गेली." चौथ्या दिवशी, पुरी भरायच्या आधी, मी स्वतः खाली जाऊन छताचा बीम हातानं ठोकून बघितला. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेशंटची नाडी बघावी तसं बघता."

टाकी भरली. म्हातारा मासा खाली खड्यांपाशी गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो वर तोंड काढून राहिला नाही.

आता उरली कळशी. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकण घालून ठेवलेली. अकरा कॅनही घरभर भिंतीकडेनं उभे; बाल्कनीवर भार नको म्हणून तिथं तीनच, पण ते सुनेच्या मशीनच्या पायाशी, आणि पाय हलवायला जागा नाही म्हणून ती मशीन तिरकं करून शिवत होती. तिनं मला एकदाही सांगितलं नाही. मी दोन दिवस ते बघितलं. तिसऱ्या सकाळी म्हणालो, "चल."

सोसायटीच्या कंपाउंडात, पार्किंगच्या मागं, मातीचा एक तुकडा आहे. वॉचमनला विचारून शेवग्याची फांदी तिथं आधीच रोवली होती. मी कळशी घेतली. सून तांब्या घेऊन आली. खालच्या बाई बाल्कनीतून बघत होत्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी त्या उभ्या राहिल्या.

सुनेनं तांब्या भरून दिला. मी ओतायला लागलो आणि माझा हात हलायला लागला. तिनं पुन्हा खालून तांब्याला हात लावला.

कळशी संपल्यावर मी दोन कॅनही घातले. मुळाशी आळं भरलं, वाहायला लागलं, तेव्हा थांबलो. बाकीचे नऊ कॅन मुलानं सोसायटीच्या झाडांना घातले.

फांदीला अजून पालवी नाही. लागेल की नाही ते सांगता येत नाही, वरून सुकल्यासारखी दिसते. साल नखानं खरवडली तर आत हिरवी आहे. रविवारी मी नळीनं पाव हिस्सा पाणी काढतो, बादली घेऊन तीन मजले खाली जातो आणि तिला घालतो. लिफ्ट आहे, पण बादली हिंदकळते म्हणून जिन्यानं. येताना दुसऱ्या मजल्यावर थांबतो. बाई काडेपेटी पुढं करतात. मी स्टुलावर चढून दोरा आणि छताच्या मधल्या फटीत काडी घालून बघतो.

गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, "आता दर रविवारी काय बघायचंय? नाही ना पडत?"

मी म्हणालो, "न्हाई पडत. पन तुमी च्या चांगला करता."